शेवट फुटू न देता गेम कसा खेळायचा: यूट्यूब आणि रील्सच्या जमान्यातली खटपट

गेमचा शेवट कळायला आता व्हिडिओ उघडावा लागत नाही. यूट्यूब उघडलं की पहिल्याच थंबनेलमध्ये एक रडका चेहरा, लाल बाण आणि ठळक अक्षरांत कोण मेलं त्याचं नाव. तुम्ही काही शोधलं नव्हतं, कुठे बोटही लावलं नव्हतं, पण पेपर फुटला तो फुटलाच.

यावर सल्ले भरपूर मिळतात, पण बहुतेकांचा सूर एकच: पहिल्या आठवड्यात गेम संपवून टाका, तोवर इंटरनेटपासून लांब राहा. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर करावं. आपल्याकडे नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लास करणारा पोरगा असो की माझ्यासारखा अंबड एमआयडीसीत शिफ्ट करणारा, बहुतेक जण सेलची वाट बघतात किंवा कुणाची तरी वापरलेली डिस्क मिळेपर्यंत थांबतात. म्हणजे आपल्याला शेवट आठवडाभर नाही, आठ-दहा महिने लपवून ठेवायचा असतो. एवढे दिवस फोन बाजूला कोण ठेवणार? म्हणून फोन वापरत, यूट्यूब बघत, ग्रुपवर गप्पा मारत शेवट कसा वाचवायचा ते इथे लिहितोय. पहिल्यांदाच कथा असलेला गेम घेणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. ऑनलाइन मारामारीचे गेम खेळणाऱ्यांना यातलं फारसं काही लागणार नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. स्पॉयलर, म्हणजे कथेतलं गुपित आधीच फोडणारी गोष्ट, तुमच्यापर्यंत येतो तो तुमच्याच आवडीचा माग काढत. ट्रेलर तीनदा पाहिला, त्यावर लाइक ठोकला, गेमचं नाव शोधलं की यूट्यूबच्या लेखी तुम्ही त्या गेमचं पक्कं गिऱ्हाईक झालात. मग ट्रेलर ज्या उत्साहाने दाखवला त्याच उत्साहाने तो शेवटही पुढे करणार. त्यामुळे खरं काम गेम यायच्या आधीच करायचं असतं. गेम आल्यावर धावपळ करून निम्मंच हाती लागतं.

काय काय लागेल

- तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड, आणि घरातल्या टीव्हीवर कोणतं खातं चालू आहे याची माहिती
- कॉम्प्युटर असेल तर त्यात क्रोम किंवा फायरफॉक्स
- कागदावर किंवा नोट्समध्ये लिहिलेली दहा-पंधरा शब्दांची यादी (कोणते शब्द, ते पाचव्या पायरीत)
- साधारण तासभर निवांत वेळ
- गेम आधी संपवून बसलेला, पण तोंड बंद ठेवू शकणारा एक मित्र. हे सगळ्यात दुर्मिळ.

१. लगेच खेळणार की थांबणार, ते ठरवा

दोन्हींची तयारी वेगळी असते. पहिल्याच दिवशी घेणार असाल तर पंधरा दिवस कडक बंदोबस्त केला की भागतं. त्या काळात पायऱ्या ३ ते ६ सगळ्या करा, थोडी गैरसोय सोसा.

थांबणार असाल तर इतका कडक बंदोबस्त टिकत नाही. तिथे कमी पण कायमची व्यवस्था हवी: हिस्ट्री साफ, शब्दांची गाळणी लावलेली आणि कॉमेंट वाचायची सवय सुटलेली. बाकीचं सोडून द्या. पहिले दोन महिने सगळ्यात वाईट असतात. पुढे लोक दुसऱ्या गेमच्या मागे लागतात. मग पुढचा भाग जाहीर झाला, कथेचा नवा भाग विकायला आला किंवा त्यावर मालिका निघाली की परत धोका. मालिका आली की गेमचा शेवट माहीत नसलेलं कुणी जगात उरलंच नाही असं समजून लोक लिहितात.

२. तारीख नको, वेळ बघा

कन्सोलवरचे बरेच गेम त्या त्या देशात रात्री बारा वाजता खुले होतात. न्यूझीलंडमध्ये बारा वाजतात तेव्हा नाशिकमध्ये आदल्या दिवसाची दुपार असते: त्यांच्याकडे उन्हाळी वेळ लागू असेल तर साडेचार, नसेल तर साडेपाच. म्हणजे तुम्ही सेकंड शिफ्टचा चहा घेत असता तेव्हा तिकडे स्ट्रीम, म्हणजे खेळतानाचं थेट प्रक्षेपण, सुरू झालेला असतो. उलट पीसीवरचे अनेक गेम जगभर एकाच क्षणी उघडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा होतात. यात महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना दोन-तीन दिवस आधी खेळू द्यायची पद्धत पडली आहे, ती वेगळीच. आणि डिस्क दुकानात पोचल्यावर एखादा दुकानदार ती आधीच विकून मोकळा होतो.

म्हणून साधा नियम: जाहीर झालेल्या तारखेच्या आठवडाभर आधी बंदोबस्त सुरू.

काही वेळा आठवडाही पुरत नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' १९ जून २०२० ला आला, पण त्यातली दृश्यं आणि कथेतल्या मोठ्या घटना एप्रिलमध्येच इंटरनेटवर फुटल्या होत्या. लोक भलत्याच व्हिडिओंखाली येऊन मुद्दाम शेवट लिहून जायचे. 'जीटीए सिक्स'च्या अर्धवट अवस्थेतल्या क्लिप सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आल्या, आणि त्याचा पहिला ट्रेलरही डिसेंबर २०२३ मध्ये ठरल्या वेळेआधी फुटला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने या गेमची तारीख दोनदा पुढे ढकलून नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ अशी जाहीर केली. त्या गेमची वाट बघणाऱ्यांनी दिवाळीचा फराळ संपायच्या आत पुढच्या पायऱ्या उरकून घ्याव्यात.

लगेच खेळणार असाल तर प्रीलोड करून ठेवा, म्हणजे गेम खुला व्हायच्या आधीच डाउनलोड करून ठेवा. ३० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला सगळं सुरळीत चाललं तरी साडेसात तास जातात. त्या साडेसात तासांत माणूस रिकामा बसून काय करतो? यूट्यूब बघतो.

३. यूट्यूबला तुमची आवड विसरायला लावा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, घाई करू नका.

पहिलं काम हिस्ट्रीचं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये हिस्ट्री सांभाळायची जागा आहे, तिथून तुम्ही पाहिलेले आणि शोधलेले व्हिडिओ एकेक करून काढता येतात. गेमचं नाव टाकून शोधा आणि त्याचे ट्रेलर, चर्चा, मुलाखती जे काही पाहिलं असेल ते काढून टाका. पाहिलेल्यांची हिस्ट्री आणि शोधलेल्यांची हिस्ट्री, दोन्हीकडून. लाइक केलेले ट्रेलरही अन-लाइक करा.

दुसरा मार्ग पूर्ण हिस्ट्री पुसून बंद ठेवण्याचा. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने असं केलंय की हिस्ट्री बंद असेल आणि जुनंही फारसं काही शिल्लक नसेल, तर होम पेजवर सुचवलेले व्हिडिओ येतच नाहीत. नुसती शोधायची पट्टी. पंधरा दिवसांच्या बंदोबस्ताला यासारखं औषध नाही. फक्त त्याबरोबर तुमच्या रेसिपी, क्रिकेट, गाणी सगळ्यांच्या शिफारशीही जातात, आणि परत रुळावर यायला वेळ लागतो. वर्षभर थांबणाऱ्यांनी हा मार्ग घेऊ नये, पहिलाच बरा.

मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो: गेमसाठी वेगळं खातं. एकाच फोनमध्ये दोन गूगल खाती ठेवता येतात आणि दोन्हींची हिस्ट्री वेगळी राहते. ट्रेलर, हार्डवेअरचे रिव्ह्यू, गेमच्या बातम्या सगळं एका खात्यावर. बाकी जग दुसऱ्या खात्यावर. ज्या गेमची वाट बघताय तो जवळ आला की पहिलं खातं उघडायचंच नाही. यूट्यूब ॲपमधला इन्कॉग्निटोही असाच एखाददुसरा व्हिडिओ बघण्यापुरता उपयोगी पडतो: प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, चालू करा, बघा, बंद करा. त्यात बघितलेलं हिस्ट्रीत जात नाही.

मग चॅनल. एखाद्या चॅनलने थंबनेलमध्ये शेवट टाकायची सवय लावून घेतली असेल तर त्याच्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन 'डोन्ट रेकमेंड चॅनल' निवडा. 'नॉट इंटरेस्टेड' त्या एका व्हिडिओपुरतं असतं, चॅनल परत येतो. ज्यांना सबस्क्राइब केलंय त्यांच्या घंटीवर जाऊन नोटिफिकेशन बंद करा. नोटिफिकेशनमध्ये शीर्षक आणि थंबनेल दोन्ही येतात, तेही लॉक स्क्रीनवर. सगळी तटबंदी करून माणूस या घंटीने मारला जातो.

आणि टीव्ही. घरातल्या टीव्हीवर बहुधा वडिलांचं नाहीतर आईचं खातं चालू असतं. त्यावर तुम्ही दोन-चार ट्रेलर पाहिलेत की कीर्तन आणि कांद्याच्या भावाच्या मधोमध झोंबी येऊन बसतात. घरच्यांना त्याचा त्रास होतो तो वेगळा, पण जेवताना समोर चालू असलेल्या पडद्यावर शेवट झळकला तर डोळे मिटायला वेळ मिळत नाही. टीव्हीवर गेमचं काही बघूच नका. बघितलं असेल तर त्या खात्याची हिस्ट्रीही साफ करा. विचारून करा, नाहीतर वडिलांचं कीर्तनही जाईल.

स्पॉयलर टाकणाऱ्या व्हिडिओला रिपोर्ट करत बसू नका. शेवट सांगणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही असं काही नाही. ब्लॉक करा आणि पुढे चला.

४. पडद्यावरच्या बारीक जागा

समजा तुम्ही विश्वासू माणसाचा, 'स्पॉयलर नाही' असं लिहिलेला रिव्ह्यू बघताय. व्हिडिओ खरंच सुरक्षित असतो. घात होतो तो त्याच्या आजूबाजूला.

फोनवर व्हिडिओच्या खाली एक कॉमेंट न उघडताही दिसते. कोणती दिसावी ते तुमच्या हातात नसतं. म्हणून व्हिडिओ सुरू झाला की फोन आडवा करून पूर्ण पडदा घ्या. ही सवय एवढी साधी आहे की लोक तिला हसतात, पण कॉमेंटमधून फुटलेले शेवट मोजायला बसलात तर ती सगळ्यात जास्त कामाची.

व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत पुढच्या व्हिडिओंचे चौकोन उगवतात. रिव्ह्यू करणाऱ्याने खाली 'शेवटाचा अर्थ' असा दुसरा व्हिडिओ जोडलेला असतो. निरोप सुरू झाला की बंद करा.

खालच्या पट्टीवर भाग पाडलेले असतील तर बोट सरकवताना त्या भागांची नावं दिसतात. पूर्ण गेमच्या प्लेथ्रूमध्ये, म्हणजे कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून दाखवलेल्या व्हिडिओत, ही नावं म्हणजे कथेची अनुक्रमणिकाच. प्लेलिस्टचंही तसंच: तिसरा भाग बघायला गेलात आणि शेजारी चाळिसाव्या भागाचं शीर्षक दिसलं. प्लेलिस्टमधून व्हिडिओ उघडूच नका.

ऑटोप्ले बंद. फीडमध्ये व्हिडिओ आपोआप चालू होण्याची सोय सेटिंग्जमधून बंद. लाइव्ह स्ट्रीम बघत असाल तर चॅट बंद. शॉर्ट्सना हात लावू नका. तिथे थंबनेल नसतं, थेट दृश्यच समोर येतं आणि बोट पुढे जाईपर्यंत तीन सेकंद गेलेले असतात.

५. कॉम्प्युटरवर गाळणी लावा

ब्राउझर वापरणाऱ्यांना इथे मोठी सोय आहे. 'अनहुक' नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं पुरवणी सॉफ्टवेअर) यूट्यूबचं होम फीड, शेजारची यादी, कॉमेंट, शॉर्ट्स असं जे नको ते लपवतं. 'ब्लॉकट्यूब' शब्दांवर चालतं: शीर्षकात, चॅनलच्या नावात किंवा कॉमेंटमध्ये तुमच्या यादीतला शब्द आला की तो व्हिडिओ किंवा ती कॉमेंट गायब. दोन्ही क्रोम आणि फायरफॉक्सवर मिळतात. अँड्रॉइडवर फायरफॉक्स असेल तर डिसेंबर २०२३ पासून तिथेही एक्स्टेन्शनची मोठी यादी खुली आहे. तेव्हा यूट्यूबचं ॲप सोडून त्या ब्राउझरमध्ये बघायची तयारी असेल तर फोनवरही हा उद्योग करता येतो.

आता शब्दांची यादी. गेमचं पूर्ण नाव, लोक वापरतात ते छोटं नाव, आद्याक्षरं, मुख्य पात्रांची नावं. पात्रांची नावं अधिकृत ट्रेलरमधून किंवा दुकानाच्या पानावरून घ्या. चाहत्यांच्या विकीवर, म्हणजे त्यांनी गेमबद्दल लिहिलेल्या माहितीकोशावर, चुकूनही जाऊ नका. तिथे पात्राच्या फोटोखालीच जिवंत की मृत ते लिहिलेलं असतं. मग शेवट, मृत्यू, खलनायक, सिक्रेट, 'एक्सप्लेन्ड' असे शब्द. हे सगळं इंग्रजीत तर टाकाच, पण आपल्या फीडमध्ये हिंदी चॅनल जास्त येतात, त्यांची शीर्षकं रोमन लिपीत हिंदी असतात. 'मर गया', 'मौत', 'धोका' हे शब्द ते लोक रोमनमध्ये जसे लिहितात तसे टाका, देवनागरीतही टाका. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे.

छोटे शब्द टाकताना मात्र जपून. इंग्रजीतला 'एंड' नुसता टाकला तर वीकेंड, फ्रेंड, लेजंड, ट्रेंड सगळ्यांवर कुऱ्हाड पडते आणि फीड रिकामं का दिसतंय ते कळत नाही. 'एंडिंग' टाका.

एक सापळा सांगून ठेवतो. 'डीॲरो' नावाचं एक छान एक्स्टेन्शन आहे, भडक शीर्षकं आणि थंबनेल बदलून त्या जागी लोकांनी सुचवलेली साधी शीर्षकं आणि दृश्यं दाखवतं. एरवी मी ते वापरायला सांगेन. पण कुणी काही सुचवलेलं नसेल तर ते व्हिडिओतलं कुठलंही एक दृश्य उचलून थंबनेल म्हणून लावू शकतं. गेमच्या शेवटाच्या व्हिडिओतलं 'कुठलंही एक दृश्य' म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. बंदोबस्ताच्या काळात ते बंद ठेवा किंवा त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन थंबनेलचा भाग काढा.

६. इन्स्टा, एक्स, व्हॉट्सॲप

इथे थोडक्यात. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस' आहे, तिथे नको असलेले शब्द टाकता येतात आणि फीडमधल्या सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवता येतात. एक्सवर 'म्यूटेड वर्ड्स'मध्ये तीच यादी चिकटवा. कालावधी २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायमचा. शब्द म्यूट केले तरी शोधायच्या पानावर चाललेला ट्रेंड दिसू शकतो, तिकडे फिरकू नका.

व्हॉट्सॲपवर गेमचा ग्रुप अर्काइव्ह करा, ज्यांना स्टेटसवर सगळं टाकायची खोड आहे त्यांचे स्टेटस म्यूट करा. नुसती लिंक पाठवली तरी तिच्याबरोबर थंबनेल येतं, हे पाठवणाऱ्याच्या लक्षात नसतं. डिस्कॉर्डवर सर्व्हर म्यूट. अँड्रॉइड फोनवर होम स्क्रीनच्या डावीकडे गूगलचं बातम्यांचं पान असतं, त्यात गेमची बातमी आली की तीन टिंबं दाबून त्या विषयात रस नाही असं सांगा. त्या पानावरचे मथळे कधीकधी थंबनेलपेक्षा वाईट असतात.

७. स्टीम आणि प्लेस्टेशनच्या आत

बाहेर सगळं बंद करून माणूस निर्धास्त होतो आणि खुद्द गेमच्या पानावर मार खातो.

स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) लायब्ररीतल्या गेमच्या पानावर खाली इतर खेळाडूंचे स्क्रीनशॉट दिसतात. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये कम्युनिटी कंटेंट बंद करायची खूण आहे, ती लावा. अचीव्हमेंटच्या (गेममधले टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या खुणांच्या) यादीत लपवलेल्या गोष्टी लपलेल्याच राहतात, पण न लपवलेल्यांमध्ये प्रकरणांची नावं वाचून पुढचा अंदाज येतो. पहिल्यांदा खेळताना ती यादी उघडूच नये या मताचा मी आहे.

पीएस फाइव्हवर (प्लेस्टेशन ५) सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटा आणि गेमच्या विभागात 'स्पॉयलर वॉर्निंग्ज' आहे. तिथे दोन पर्याय मिळतात: गेम बनवणाऱ्यांनी स्पॉयलर म्हणून खूण केलेलंच झाकायचं, की तुम्ही अजून न पाहिलेलं सगळंच. दुसरा निवडा.

खुद्द कंपन्याही यात पडतात. 'पर्सोना फाइव्ह' २०१७ च्या एप्रिलमध्ये पाश्चात्त्य देशांत आला तेव्हा तो बनवणाऱ्या अ‍ॅटलसने स्ट्रीम करणाऱ्यांना बजावलं होतं की गेममधल्या ७ जुलै या तारखेपुढचं काही दाखवू नका, नाहीतर व्हिडिओवर दावा ठोकू. लोक भडकले, आणि त्याच महिन्यात कंपनीने माफी मागून ती मर्यादा गेममधल्या १९ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. मला पहिली भूमिका अतिरेकी वाटते, पण कथेवर उभ्या असलेल्या गेमची भीती समजते.

८. मध्येच अडकलात तर

खरं संकट हे. तीन आठवडे सांभाळलं, आणि आता एका कोड्यापाशी किंवा बॉसपाशी (मोठ्या, अवघड शत्रूपाशी) दोन रात्री गेल्या. हात आपोआप यूट्यूबकडे जातो. गेमचं नाव आणि बॉसचं नाव टाइप करायला घेतलंत की सुचवण्यांमध्येच 'मृत्यू', 'खरी ओळख', 'दुसरं रूप' असं उतरतं. बॉसला दुसरं रूप आहे हे कळणं हासुद्धा स्पॉयलरच.

माझा क्रम असा:

आधी गेममधलीच मदत. बऱ्याच गेमना आता अवघडपणा कमी करायची किंवा कोडं वगळायची सोय असते. ती वापरण्यात कमीपणा नाही. पीएस फाइव्हवर काही गेममध्ये 'गेम हेल्प' आहे. तुम्ही जिथे आहात तेवढ्याचाच इशारा मिळतो, मात्र त्याला प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं.

मग तो गप्प बसणारा मित्र. त्याला प्रश्न नेमका विचारा: 'पाण्याच्या टाकीच्या खोलीतला दरवाजा कसा उघडतो?' 'पुढे काय करायचं?' असं विचारलंत की तोही बिचारा पुढचं सांगून बसणार.

मग लिखित गाइड. व्हिडिओपेक्षा लेख केव्हाही बरा, कारण लेखात तुमच्या मोहिमेचं नाव शोधून थेट तिथेच उतरता येतं. शोधताना पात्राचं नाव टाकू नका, जागेचं किंवा मोहिमेचं नाव टाका. गूगलवर नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेली पानं गळतात. प्रश्न आधी नोट्समध्ये लिहून तिथून चिकटवा आणि लगेच एंटर मारा, म्हणजे एकेक अक्षर टाइप करताना सुचवण्या डोळ्यांसमोर नाचत नाहीत. ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून ठेवली तर आणखी चांगलं.

व्हिडिओ सगळ्यात शेवटी. तोही त्या एका कोड्याचा, दोन-तीन मिनिटांचा, इन्कॉग्निटोमध्ये, पूर्ण पडद्यावर. चाळीस मिनिटांच्या प्लेथ्रूमध्ये आपली जागा शोधत पट्टी पुढेमागे सरकवणं म्हणजे पुढची दृश्यं स्वतःच्या हाताने बघणं.

९. माणसं

ॲपला सेटिंग असतं, मित्राला नसतं.

वापरलेल्या डिस्कचे व्यवहार आपल्याकडे ओळखीपाळखीत किंवा ग्रुपवरून होतात. भेटायचं कॅनडा कॉर्नरला नाहीतर अशोक स्तंभाजवळ, गाडीवर बसल्या बसल्या पैसे द्यायचे, डिस्क घ्यायची. विकणारा नुकताच गेम संपवून आलेला असतो आणि त्याच्या पोटात ते मावत नसतं. माझ्या हातात डिस्क देता देता एकाने सुरुवात केली होती, 'घे भो, भारी गेमे. फक्त त्या म्हाताऱ्यावर लई विश्वास ठेवू नको.' झालं. वीस तासांचा संशय एका वाक्यात संपला. तेव्हापासून भाव ठरवतानाच मेसेजमध्ये लिहितो: 'दादा, स्टोरीबद्दल एक शब्द बोलायचा नाही हं.' लोक हसतात, पण पाळतात.

'काही सांगत नाही, पण शेवटी रडशील' हेही सांगणंच झालं. ऑफिसातल्या, कट्ट्यावरच्या मित्रांना हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण त्यांना मनापासून वाटत असतं की आपण काहीच फोडलं नाही. मिसळ खाताना शेजारच्या टेबलावर गेमचा विषय निघाला तर मात्र इलाज नाही. वाटी उचलून दुसरीकडे बसा.

पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई करणाऱ्यांसाठी एवढंच: इयरफोन विसरू नका. डब्यात कुणी ना कुणी मोठ्या आवाजात रील्स लावलेले असतातच.

१०. फुटलंच तर

पहिली गोष्ट, खात्री करायला जाऊ नका. कॉमेंटमधला 'शेवट' कित्येकदा खोटा असतो, लोक मुद्दाम थापा मारतात. तुम्ही पडताळायला विकी उघडलंत की अर्धवट कळलेलं पूर्ण कळतं. संशय तसाच राहू द्या आणि खेळायला लागा.

खरंच मोठं काही फुटलं असेल तर माझा सल्ला लगेच खेळायला घ्या हा आहे, बाजूला ठेवू नका. सहा महिने थांबून विसरायला होईल असं वाटतं, होत नाही. उलट तेवढ्या काळात उरलेलंही फुटतं. सेलची वाट बघत असाल आणि अजून घेतलाच नसेल तर एक फायदा पदरात पाडून घ्या: आता घाई संपली, भाव आणखी उतरू द्या.

११. गेम संपल्यावर

शब्दांची यादी रिकामी करा. हे लोक हमखास विसरतात आणि पुढच्या भागाची घोषणा झालेली त्यांना महिनाभर कळत नाही. हिस्ट्री परत चालू करा, ऑटोप्ले आणि घंटी हवी असेल तर पूर्ववत करा. यादी मात्र नोट्समध्ये जपून ठेवा. पुढच्या गेमला फक्त नावं बदलायची असतात, 'एंडिंग' आणि 'मर गया' तेच.

आणि स्वतः क्लिप टाकणार असाल तर थंबनेलला गेमचा अधिकृत फोटो लावा, शीर्षकात फक्त प्रकरणाचा क्रमांक लिहा, पात्राचं नाव नको. स्पॉयलरची सूचना वर्णनात खाली नको, ती कुणी वाचत नाही. शीर्षकाच्या पहिल्या शब्दात लिहा, कारण फोनवर लांब शीर्षक अर्ध्यात कापलं जातं.